शेकडा दोन, पण कशावर?

कॉम्प्युटर आणि मराठीचा प्राध्यापक यांची गाठ पडली की काहीतरी विनोदी घडणारच, अशी आमच्या स्टाफरूममधील मंडळींची ठाम समजूत आहे. ती अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. हजेरीचा तक्ता भरताना मी एकदा सबंध वर्ग गैरहजर करून टाकला होता, आणि वर्ग माझ्यासमोरच बसलेला होता! तरीसुद्धा यंदाच्या पावसाळ्यात मी कॉलेजातील एका जुन्या यंत्रावर बेसिक भाषेचा कंपायलर बसवला, त्याला एक एडिटर जोडून दिला, आणि त्यातून चौदा बायकांच्या एका गटातले भांडण मिटले, हे सांगितले तर कोणाला खरे वाटणार नाही. म्हणून जे घडले ते पहिल्यापासून सांगतो.

मी राहतो लोणावळ्यात आणि शिकवायला लोकलने मावळात उतरतो. जुलै महिन्यात आमच्याकडे पाऊस पडत नाही, तो राहायला येतो. अशाच एका दुपारी तास संपवून छत्री शोधत असताना दुसऱ्या वर्षाची, मराठी विशेष घेतलेली एक विद्यार्थिनी दाराशी येऊन उभी राहिली. नाणे मावळातल्या एका खेड्यातून येणारी, वर्गात फारशी न बोलणारी मुलगी.

"सर, तुम्हाला कॉम्प्युटरवर हिशोब करता येतो का?"

"कसला हिशोब?"

"व्याजाचा. आईच्या बचत गटाचा."

हळूहळू सारी हकीकत बाहेर आली. तिची आई गावातल्या महिला बचत गटाची सचिव. शिक्षण सातवीपर्यंत, पण अक्षर मोत्याच्या दाण्यासारखे, म्हणून वही तिच्याकडे. गटाच्या एका सभासद बाईने शिलाई मशीन आणि पिको-फॉलचे यंत्र घेण्यासाठी १२,००० रुपये कर्ज काढले होते, ते तिने वर्षभरात फेडले. वर्षाअखेर दुसऱ्या एका बाईच्या मुलाने मोबाइलवर बोटे चालवून सांगितले की, वहीत व्याज कमी जमा आहे. १,३२० रुपये कमी! आता मावळातल्या खेड्यात १,३२० रुपये ही रक्कम लहानही नाही आणि मोठीही नाही. पण 'खाल्ले' हा शब्द फार मोठा आहे. तो शब्द पाणवठ्यावर निघाला होता.

"आई म्हणते, भरून टाकते. माझ्या फीचे पैसे बाजूला ठेवलेत, त्यातले भरते म्हणते," मुलगी सांगत होती. "पण भरले की कबूल केल्यासारखंच होईल ना, सर? रविवारी गटाची बैठक आहे."

तो दिवस मंगळवार होता.

आज असल्या कामाला एक्सेलचा तक्ता पुरतो, हे मला ठाऊक आहे. संगणक विभागातल्या माझ्या तरुण सहकाऱ्याने तर पायथन भाषेचे नाव घेतले. हल्ली मुलांना तीच शिकवतात आणि ते योग्यही आहे. पण मला येणारी संगणकभाषा एकच. १९९०च्या दशकात आमच्या शाळेत कॉम्प्युटरची एक खोली होती. चपला बाहेर काढून, देवघरात जावे तसे आम्ही आत जात असू. यंत्रावर कापडाचे झाकण असे. ते दूर सारल्यावर काळ्या पडद्यावर आम्ही बेसिकच्या ओळी लिहीत असू. प्रत्येक ओळीला १०, २०, ३० असा आकडा द्यावा लागे, म्हणजे मागाहून काही आठवले तर मधे १५ घालता येई. ते दिवस गेले, पण भाषा डोक्यात कुठेतरी माळ्यावर पडून राहिली होती.

शिवाय बेसिकविषयी मला एक जिव्हाळा आहे, आणि त्याचे कारण तिच्या जन्मकथेत आहे. अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ असे दोन गणिताचे प्राध्यापक होते. केमेनी जन्माने बुडापेस्टचे, आणि तरुणपणी काही काळ आइन्स्टाइन यांचे गणितातले मदतनीस. त्या काळी यंत्राशी बोलणे हे शास्त्रज्ञांचे आणि इंजिनियरांचे काम समजले जाई. या दोघांना वाटले की, आपल्या कॉलेजातील बहुसंख्य मुले विज्ञानाची नाहीत. ती साहित्य, इतिहास, अर्थशास्त्र शिकतात. उद्या देशाचा कारभार हीच मुले पाहणार. मग यंत्र त्यांना परके का असावे? म्हणून त्यांनी पंधराच्या आसपास सोप्या इंग्रजी शब्दांची एक भाषा रचली. १ मे १९६४ रोजी पहाटे चारच्या सुमारास तिचे पहिले प्रोग्रॅम चालले. म्हणजे, वाचकहो, ही भाषा मुळात आमच्यासारख्या कला शाखेच्या लोकांसाठीच निघाली! केमेनी १९९२ साली गेले, कुर्ट्झ २०२४ साली. भारतातही १९८४ साली सरकारने 'क्लास' नावाची योजना काढून निवडक शाळांत बीबीसी मायक्रो ही यंत्रे दिली, त्यांच्यातही बेसिकच होती. तिला नावे ठेवणारेही थोडे नव्हते. डायक्स्ट्रा या नामांकित डच संगणकशास्त्रज्ञाने १९७५ साली लिहून ठेवले की, बेसिकचा संस्कार झालेल्या विद्यार्थ्याला चांगले प्रोग्रॅमिंग शिकवणे जवळजवळ अशक्य असते. असो. आम्हाला पुढे शास्त्रज्ञ व्हायचे नव्हते, रविवारच्या आत एक हिशोब करायचा होता.

आता कंपायलर म्हणजे काय, ते आधी सांगून टाकतो. यंत्राला फक्त आकड्यांची भाषा कळते. आपण लिहितो ती भाषा त्याच्यापर्यंत पोचवण्याचे दोन मार्ग आहेत. एक दुभाष्याचा: आपण एक वाक्य बोलावे, त्याने ते लगेच यंत्राला सांगावे, मग पुढचे वाक्य. शाळेत आम्ही वापरत होतो तो असा दुभाष्या होता. दुसरा मार्ग भाषांतरकाराचा: तो सबंध पुस्तक आधी वाचतो, चुका असतील तर परत करतो, नसतील तर पूर्ण भाषांतर करून बांधून हातात देतो. मग ते भाषांतर कुठेही न्या, भाषांतरकाराला बरोबर न्यावे लागत नाही. हा भाषांतरकार म्हणजे कंपायलर. मौज अशी की, डार्टमथची पहिली बेसिक कंपायलरच्याच मार्गाने चालत होती. दुभाषे मागाहून बोकाळले. आणि एडिटर म्हणजे आपण लिहितो तो कागद. दिवाळी अंकाचा संपादक मजकूर परत पाठवतो. हा एडिटर तसे काही करत नाही. तो फक्त भाषेचे शब्द वेगळ्या रंगात दाखवतो, म्हणजे आपले शब्द कोणते आणि यंत्राचे कोणते हे नजरेला कळते.

मी फ्रीबेसिक नावाचा कंपायलर निवडला. तो २००४ साली निघाला, फुकट मिळतो, आणि विशेष म्हणजे तो स्वतः बेसिकमध्येच लिहिलेला आहे. एडिटर म्हणून जीनी नावाचा, हाही फुकट. (क्यूबी६४ नावाचा एक संच मिळतो, त्यात कंपायलर आणि एडिटर एकत्रच येतात. नवशिक्याने खरे म्हणजे तोच घ्यावा. हे मला मागाहून कळले!)

लोहगडावर जो गेला असेल त्याला ठाऊक आहे की, तो गड एका दरवाजाने हाती येत नाही. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे वळणावळणाने लागतात, आणि एक ओलांडला म्हणजे आपण आत आलो असे वाटते तोच पुढचा समोर उभा राहतो. आमचेही तसेच झाले.

पहिला दरवाजा उतरवून घेण्याचा. मी लोणावळ्याला घरी रात्री कंपायलर उतरवला आणि पेनड्राइव्हवर घालून सकाळी कॉलेजात नेला. तर यंत्र म्हणाले, हे माझ्याजोगे नाही. यंत्र जुने ३२ बिटांचे, आणि मी आणलेला संच ६४ बिटांचा. सायकलला मोटारीचे चाक आणावे तसे. दुसऱ्या दिवशी ३२चा आणला. मुलीने चित्रावर दोनदा टिचकी मारली. एक काळी खिडकी क्षणभर चमकली आणि नाहीशी झाली. पुन्हा मारली, पुन्हा तेच. "सर, बिघडलं," ती घाबरून हात मागे घेत म्हणाली. बिघडले काहीच नव्हते. कंपायलरला स्वतःचे तोंड नसते. भाषांतराला कागदच दिला नाही तर तो येतो, पाहतो आणि निघून जातो. पण हे सांगायला शेजारी कोणी नसेल तर नव्याण्णव मुले इथूनच परत फिरतात.

दुसरा दरवाजा कागदाचा. तिने घरून एका ओळीचा प्रोग्रॅम वर्डमध्ये लिहून आणला होता. वर्डमधली अवतरणचिन्हे शोभेसाठी वळवलेली असतात; कंपायलरला सरळ उभी चिन्हे लागतात, वळलेली त्याला ओळखू येत नाहीत. मग आम्ही नोटपॅडमध्ये पुन्हा लिहिले आणि नाव देताना शेवटी 'डॉट बीएएस' जोडले. नोटपॅडने न सांगता त्याच्यापुढे आपले 'डॉट टीएक्सटी' चिकटवले, आणि विंडोजने ते शेपूट आमच्यापासून लपवून ठेवले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. अर्धा तास आम्ही एक फाइल डोळ्यांसमोर ठेवून शोधत होतो.

तिसरा दरवाजा दोघांची गाठ घालून देण्याचा. एडिटरला भाषांतरकाराचा पत्ता माहीत नसतो. तो ज्या फोल्डरात राहतो तेथपर्यंतचा सबंध मार्ग, अक्षरन् अक्षर, एडिटरच्या 'बिल्ड' या सदरात लिहून द्यावा लागतो. तो मी दिला. तरी फाइल सापडत नाही, असाच निरोप! शेवटी ध्यानात आले. मी मोठ्या अभिमानाने फोल्डरचे नाव नागरीत 'मावळ' असे ठेवले होते, आणि कंपायलरला नागरी अक्षरांतला पत्ता वाचता येत नव्हता. नाव रोमन अक्षरांत बदलले आणि काम झाले. मराठीच्या प्राध्यापकाला ते करताना कसे वाटले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

मग मुलीने पहिला प्रोग्रॅम लिहिला: प्रिंट, आणि पुढे अवतरणात आईचे नाव, मराठीत. चालवला. काळ्या खिडकीत नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उमटली.

"याला आईचं नाव येत नाही," ती म्हणाली.

नागरी लिपी युनिकोडमध्ये १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, मोबाइलवर आपण रोज लिहितो. पण ही काळी खिडकी त्याहून जुन्या वळणाची. मी तिला हे समजावून सांगितले. ती ऐकत होती, पण तिचे लक्ष त्या प्रश्नचिन्हांकडे होते. अखेर तिने नाव रोमन अक्षरांत लिहिले, ते उमटले, आणि मग कुठे ती हसली. तोपर्यंत गुरुवारची संध्याकाळ झाली होती, बाहेर धो धो पाऊस, आणि दोनदा वीज जाऊन आली होती.

चौथा महादरवाजा व्याकरणाचा. शुक्रवारी आम्ही वही समोर ठेवली आणि खरा प्रोग्रॅम लिहू लागलो. पहिलाच निरोप आला, तो इंग्रजीत, की अमुक नाव जाहीर केलेले नाही. फ्रीबेसिकमध्ये प्रत्येक नाव आधी 'डिम' या शब्दाने नोंदवावे लागते. पंगतीला बसण्याआधी पान मांडावे तसे. व्याकरणाचा असा कडकपणा आपल्याला नवा नाही. संगणकभाषांची व्याकरणे मांडण्याची जी रीत जॉन बॅकस यांच्या नावाने ओळखली जाते, तिला पाणिनीचेही नाव जोडावे, अशी सूचना इंगरमन नावाच्या संगणकतज्ज्ञाने १९६७ साली एका अमेरिकी नियतकालिकात केली होती. हे मी मुलीला सांगितले. "म्हणजे हा पेपर आपलाच आहे," ती म्हणाली आणि पुढे लिहू लागली.

तिने लिहिलेला प्रोग्रॅम असा होता. मूळ रोमन अक्षरांत आहे, येथे नागरीत उतरवून देतो.

डिम मु अ‍ॅज डबल, व्या अ‍ॅज डबल, क अ‍ॅज इंटिजर
मु = १२०००
व्या = ०
फॉर क = १ टू १२
व्या = व्या + मु * २ / १००
नेक्स्ट क
प्रिंट व्या

अर्थ सोपा आहे. 'मु' म्हणजे मुद्दल, 'व्या' म्हणजे व्याज, 'क' म्हणजे महिना. पहिल्या महिन्यापासून बाराव्यापर्यंत दर महिन्याला शेकडा दोन व्याज मिळवत जा आणि शेवटी बेरीज सांग. चालवला. उत्तर आले २८८०.

वहीत जमा होते १,५६०. मुलीचा चेहरा उतरला. मोबाइलवाल्या मुलाचाही आकडा हाच होता. म्हणजे १,३२० रुपये खरोखरच कमी! मीही गप्प झालो. यंत्राने तिच्या आईविरुद्ध साक्ष दिली असेच क्षणभर वाटले.

ती पुन्हा ओळी वाचू लागली, कविता वाचावी तशी, एकेक शब्दावर बोट ठेवून. तिसऱ्या वाचनात बोट थांबले.

"सर, यात मु बदलतच नाही."

"म्हणजे?"

"मावशी दर महिन्याला हजार रुपये मुद्दल परत देत होत्या. दुसऱ्या महिन्यात त्यांच्याकडे अकराच हजार राहिले. पण हा बाराही महिने बारा हजारांवरच व्याज धरतोय." ती थांबली. "मी काय लिहू? व्याज कशावर धरायचं, पहिल्या रकमेवर की उरलेल्या?"

मी म्हणालो, "गटाचं काय ठरलं होतं?"

तिने ठरावाची वही उघडली. ठराव एका ओळीचा होता: कर्जावर दरमहा शेकडा दोन व्याज घ्यावे. बस्स. कशावर, ते लिहिलेच नव्हते. आजवर गटातून निघालेली कर्जे लहान होती, दोन-तीन महिन्यांनी एकरकमी परत येत. तेव्हा हा प्रश्न कधी उठलाच नव्हता. हप्त्याहप्त्याने फिटलेले हे पहिलेच कर्ज.

तिने 'नेक्स्ट क' या ओळीच्या आधी आणखी एक ओळ घातली: मु = मु - १०००. पुन्हा चालवला. उत्तर आले १५६०.

वहीतला आकडा! एक पैसा इकडे नाही, एक पैसा तिकडे नाही. सातवी शिकलेल्या त्या बाईने बाराही महिने उरलेल्या मुद्दलावर बिनचूक व्याज घेतले होते: पहिल्या महिन्याला २४०, मग २२०, मग २००, असे उतरत शेवटी २०. मुलाचाही हिशोब चुकला नव्हता. दोन्ही हिशोबांत फरक होता तो एका ओळीचा, आणि ती ओळ ठरावात कोणीच लिहिली नव्हती.

कोणी म्हणेल, हे तर कागदावरही सुटले असते. खरे आहे, सुटले असते. पण महिनाभर चौदा बायका, एक मोबाइल आणि एक वही असूनही ते सुटले नव्हते, कारण कागद उलट विचारत नाही. 'शेकडा दोन व्याज' हे वाक्य मी निबंधात वाचले असते तर त्याला पूर्ण गुण दिले असते. माणसे अर्धे बोलतात आणि उरलेले अर्धे ऐकणाऱ्याने आपल्या मनाने भरून घ्यावे असे गृहीत धरतात. संसार त्यावरच चालतो. यंत्र मनाने काही भरत नाही. त्याला लिहिले तेवढेच समजते, आणि म्हणून लिहिणाऱ्याला आधी स्वतःला काय म्हणायचे आहे ते ठरवावे लागते. वीस वर्षे मी वर्गात हेच सांगत आलो, पण त्या शुक्रवारइतके ते कोणाला पटलेले मी पाहिले नाही.

रविवारच्या बैठकीला मी गेलो नाही. तेथे माझे काम नव्हते. देवळाच्या सभामंडपात मुलीने एका कागदावर दोन उभे रकाने मांडून बारा महिन्यांचे दोन्ही हिशोब वाचून दाखवले आणि विचारले, "आपलं यातलं कोणतं ठरलं होतं?" बराच वेळ कोणी बोलले नाही. मग जिच्या मुलाने आकडा काढला होता तीच बाई म्हणाली, "मंग माझ्या पोराचंबी चुकलं न्हाई म्हना की!" आणि बायका हसल्या. आई हसली नाही, असे मुलीने सोमवारी मला सांगितले.

गौरीच्या सुमारास आई स्वतः कॉलेजात आली. पिशवीत घरचे गेल्या सालचे इंद्रायणी तांदूळ होते. मी नको नको म्हणत असताना तिने पिशवी टेबलाखाली सरकवून ठेवली.

"आता सगळं नीट झालं ना, ताई?" मी विचारले.

"हिशोब मिटला, सर," ती म्हणाली. "बोललेलं मिटत न्हाई. पर पोरगी उभी ऱ्हायली, त्येबी इसरनार न्हाई."

यावर मला उत्तर सुचले नाही. तिने पिशवीतून ठरावाची वही काढली. नवा ठराव मुलीच्या अक्षरात होता, आणि मराठीच्या सरांनी तो एकदा तपासून द्यावा अशी गटाची इच्छा होती. त्यात लिहिले होते: "महिन्याच्या पहिल्या दिवशी कर्जाचे जेवढे मुद्दल बाकी असेल, तेवढ्यावरच त्या महिन्याचे शेकडा दोन व्याज घ्यावे."

मी सवयीने लाल पेन हातात घेतले. वाक्य दोनदा वाचले. एकही शब्द खोडावासा वाटला नाही. टोपण लावून पेन पुन्हा खिशात ठेवले.